मंद आणि आवड

आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली, की वॉचमन फळ्यावर पांढऱ्या खडूनं लिहितो, 'लिफ्ट आजारी आहे.' तासाभरात त्याच्याखाली लाल खडूनं, वळणदार अक्षरात एक शब्द उमटतो: 'चेतनगुणोक्ती'. त्याखाली आणखी बारीक अक्षरात: 'निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असे वर्णन. शाबास!' लिफ्ट काही दुरुस्त होत नाही. पण वॉचमन खूश असतो, कारण या सोसायटीत त्याला शाबास म्हणणारा तो एकच माणूस आहे.

तो माणूस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे मनोहर गोखलेसर. सेक्रेटरी एकदा त्यांना म्हणाले, "सर, फळा सूचनांसाठी आहे." सर म्हणाले, "मग काय मी लावणी लिहिली आहे का?" त्यानंतर सेक्रेटरींनी तो विषय काढला नाही.

मी दुसऱ्या मजल्यावर राहते, बरोब्बर त्यांच्या खाली. म्हणजे त्यांच्या घरात पडलेला चमचा आधी माझ्या डोक्यात पडतो. सरांचा आमच्याच गल्लीत दहावीच्या मराठीचा क्लास होता. दोन खोल्या, बारा बाकं, आणि बाहेर पाटी: 'व्याकरणाची भीती? आत या.' बोर्डाच्या पेपरात 'अलंकार ओळखा' असा दोन गुणांचा प्रश्न यायचा. त्या दोन गुणांवर या गृहस्थांनी संसार केला, मुलगी शिकवली, फ्लॅट घेतला. पुढे मुलं इंग्रजी शाळेत गेली, क्लास बंद झाला. क्लास बंद झाला, पण सर चालूच राहिले. आता अख्खी सदाशिव पेठ त्यांचा वर्ग, आणि फी नाही म्हणून सुट्टीही नाही.

मी हिंजवडीत नोकरी करते. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. सकाळी सातला कंपनीची बस, रात्री आठला परत. मधला वेळ ऑफिसात जातो असं लोकांना वाटतं. खरं तर तो वाकडच्या पुलावर जातो. घरी येते तेव्हा अंगात त्राण नसतं, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, हातात मेथीची जुडी, आणि लिफ्ट आजारी. अशा वेळी जिन्याच्या वळणावर पांढरा लेंगा आणि बाह्यांचा बनियन घालून सर उभे असतात.

"काय लिमयेबाई, दमलात?"

"मेले, सर."

"अतिशयोक्ती. मेलेला माणूस जिना चढत नाही."

एकदा मी मुद्दाम उशिरा घरी आले होते. घरी जाऊन स्वयंपाकाला लागायच्या आधी कोपऱ्यावर उभं राहून एकटीनं शांतपणे भेळ खावीशी वाटली, खाल्ली. कुणाच्या बापाचं काय जातं? जिन्यात सरांनी विचारलं, आज उशीर? मी म्हटलं, ट्रॅफिक. सरांनी माझ्या ओढणीकडे पाहिलं. तिथे चिंचेच्या चटणीचा डाग होता.

"व्याजोक्ती," सर समाधानानं म्हणाले. "खरं कारण लपवून भलतंच कारण पुढे करणं. उदाहरण उत्तम आहे. चटणी तिखट होती का?"

आता अशा माणसाचं काय करायचं सांगा.

त्यांच्याबरोबर मंडईत जाणं ही तर शिक्षाच. भाजीवाली म्हणाली, "घ्या ताई, लोण्यासारखी वांगी हायेत." सरांनी बोट वर केलं. "सारखी आलं. उपमा." ती म्हणाली, "लोणी हाय हो नुसतं लोणी!" सर म्हणाले, "आता रूपक झालं. वांगं आणि लोणी एकच झालं. चला बाई, रूपक आलं की भाव दहा रुपयांनी वाढतो." आणि खरंच वाढला होता. रिक्षावाल्यांबद्दल मात्र त्यांना आदर आहे. रिक्षावाला 'नाही येणार' म्हणाला, की त्यात दुसरा अर्थ नसतो, लक्षणा नाही, व्यंजना नाही. "शब्दाचा सरळ अर्थ म्हणजे अभिधा. पुण्यात हल्ली ती फक्त रिक्षा स्टँडवर मिळते," असं ते म्हणतात.

माझ्या घरी नाश्त्याला बोलावलं तर ताटलीत बघून म्हणाले, "उपीट छान झालंय." मी म्हटलं, "उपमा म्हणतात हल्ली." ते घास खाली ठेवून म्हणाले, "उपमा हा अलंकार आहे, बाई. तो खात नाहीत." दोनदा मागून घेतलं मात्र.

आता त्यांच्या बायकोबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

सुमनकाकू मुळातच अबोल. इतकं बोलणारा माणूस घरात असल्यावर दुसऱ्याला संधी मिळणार कुठून? सोसायटीत विनोदच होता, की गोखल्यांच्या घरात सगळी वाक्यं सरांची आणि सगळे पूर्णविराम काकूंचे. काकू नुसत्या हसायच्या. जिन्यात भेटल्या, की माझ्या हातातली पिशवी काढून घ्यायच्या आणि दारापर्यंत आणून द्यायच्या. एवढंच आमचं संभाषण. मला तेवढं पुरायचं.

गेल्या पावसाळ्यात काकूंना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, काठी घेऊन चालायला लागल्या. शब्द मात्र परत आले नाहीत. म्हणजे त्यांना सगळं कळतं, कुणाला ओळखायचं राहत नाही, पण सांगायचं असतं एक आणि तोंडातून येतं दुसरंच. तेही खूप वेळानं. कित्येकदा येतच नाही, मग त्या डोळे मिटून घेतात. डॉक्टर म्हणाले होते, पहिल्या वर्षात जेवढं परत येईल तेवढं येईल, रोज बोलतं ठेवा.

आम्हाला वाटलं, आता सर गप्प होतील. उलट वरून एक नवाच आवाज सुरू झाला.

टक-टाक, टक-टाक-टाक.

रोज सकाळी मी डबा भरत असताना सुरू. रविवारी तर न्याहारीपासून जेवणापर्यंत. लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज. टक-टाक, टक-टाक-टाक. मधे शांतता. मग पुन्हा तेच. आठवड्यातून एक दिवस माणसानं जरा लोळावं, तर डोक्यावर सुतारकाम. पहिले काही रविवार मी उशी कानावर दाबून काढले. आजारी माणसाचं घर, काय बोलायचं? पण माझ्या सहनशक्तीला काही मर्यादा आहेत, आणि त्या बहुतेक बुधवारीच संपतात.

त्यातच त्यांच्या मुलीचा, केतकीचा, बंगळूरहून फोन आला.

"ताई, तुम्ही जरा बाबांना समजवा ना. स्पीच थेरपिस्टनी सांगितलंय, रोजचे शब्द घ्या. पाणी, औषध, दुखतंय, असे. आणि बाबा तिला कसली तरी कविता घोकायला लावतायत. व्हिडिओ कॉलवर बघितलं मी. आईला घाम फुटला होता, आणि हे पट्टी आपटतायत! आता तरी तिला सोडा म्हणावं. अर्धं वर्ष असंच गेलंय. तुमचं ऐकतील ते."

माझं ऐकणारा माणूस या शहरात अजून जन्माला यायचाय, पण मला राग आला तो खराच. म्हातारपणीसुद्धा या माणसाला शिकवायला विद्यार्थी हवा, म्हणून त्यानं आजारी बायको धरली! त्या रविवारी टक-टाक सुरू होताच मी तशीच, केस न विंचरता, वर गेले. काय काय बोलायचं ते जिन्यात ठरवून घेतलं.

दार उघडंच होतं. काकू खिडकीपाशी लाकडी खुर्चीत बसल्या होत्या. समोर स्टुलावर सर, हातात क्लासमधली जुनी फूटपट्टी. काकूंनी मला पाहिलं. चेहरा उजळला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"क... कढई," त्या म्हणाल्या. "कढई आली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे त्यांच्यासाठी. पण सर खुर्चीच्या हातावर पट्टी मारून म्हणाले, "वा! लक्षणा! शब्दाचा सरळ अर्थ बाजूला ठेवायचा आणि जवळचा दुसरा घ्यायचा. लवकर तापते, म्हणून कढई. बाई, तुमचं इतकं नेमकं वर्णन मला चार वर्षांत जमलं नव्हतं."

काकू हसल्या. अगदी पूर्वीसारख्या. मग टेबलावरच्या वर्तमानपत्राकडे बोट करून त्यांनी सरांना सांगितलं, "पोळी." म्हणजे ते उचला, बाईंना बसायला जागा करा.

"रूपक," सरांनी पेपर उचलला. "सकाळी गरम येते, दुपारी शिळी होते. बरोबर आहे."

मी बसायचं विसरून बघत राहिले. हा माणूस वॉचमनला सोडत नाही, भाजीवालीला सोडत नाही, मला जिन्यात अडवून माझ्या थकव्याचंसुद्धा व्याकरण काढतो. आणि बायको इतकं चुकीचं बोलत होती, तर याच्या तोंडातून 'चूक' हा शब्द एकदाही नाही. तिचा प्रत्येक चुकलेला शब्द म्हणजे अलंकार. माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

काकूंना मला आणखी काहीतरी सांगायचं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, हात किंचित उचलला होता, तोंड उघडं. मला तो ताण बघवेना. "चहा? चहा घे म्हणताय? का पाणी?" मी घाईघाईनं म्हटलं.

सरांनी हात वर केला. "थांबा. यती आहे."

"काय आहे?"

"यती. मोठ्या ओळीत मधे श्वास घ्यायला जागा ठेवलेली असते. तिथं थांबायचंच असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणणारा पुढचं विसरला. विसरलेला नसतो. आपण मधेच तोंड घातलं, की ओळ मोडते."

आम्ही थांबलो. खालच्या रस्त्यावरून एक स्कूटर गेली, दुसरी गेली. किती वेळ गेला कोण जाणे.

"...बस," काकू मला म्हणाल्या.

मी बसले. गुपचूप.

मग तो धडा सुरू झाला. सर पट्टी आपटत होते आणि काकू प्रत्येक ठोक्यावर एकेक अक्षर उचलत होत्या. मु-ळा-मु-ठे-च्या. टक-टाक-टक-टाक-टाक. लघु अक्षराला छोटा ठोका, गुरूला लांब. मी इतके दिवस उशीखाली दाबत होते ते हे होतं. "मुळा-मुठेच्या काठावर... वारा वाहतो..." इथे काकू अडकल्या, डोळे मिटले, उघडले. "मंद." पुढे सरांनी ठोके दिले, "मनोहररावांचं नाव घेते," ते मात्र काकूंना जमेना. ओठ नुसते हलले. "मला गाण्या..." एवढं आलं, आणि तिथे गाडी रुतली.

मी चकित झाले. हा तर उखाणा! लग्नात, हळदीकुंकवाला बायका यमक जुळवून नवऱ्याचं नाव घेतात, तो. सरांना उखाण्यांचा भयंकर तिटकारा. 'यमकाची जुनी बाजारपेठ' म्हणायचे ते त्याला. आणि आज स्वतः तेच?

"मला गाण्याचा छंद," मी हळूच पुरवलं. मंद, छंद. कुणालाही सुचेल.

"नाही," सर म्हणाले. "मला गाण्याची आवड."

"सर, मंद आणि आवड? यमक कुठे आहे?"

सर माझ्याकडे बघतच राहिले. चेहरा एकदम उतरला. "बरोबर हेच म्हणालो होतो मी," ते म्हणाले, "याच शब्दांत." आणि चहा टाकतो म्हणून आत गेले. मी मागोमाग गेले.

गॅसपाशी उभं राहून, माझ्याकडे पाठ करून त्यांनी सांगितलं. लग्नात सुमनकाकूंना हा उखाणा घ्यायचा होता. स्वतः रचलेला. घरी आठवडाभर पाठ केलेला, 'मला गाण्याचा छंद'. पण मांडवात, दोनशे माणसांसमोर, एकोणीस वर्षांची मुलगी गडबडली आणि 'मला गाण्याची आवड' म्हणून बसली. आणि नवरदेवानं, नुकतीच मास्तरकी लागलेल्या नवरदेवानं, मोठ्यांदा विचारलं, "मंद आणि आवड? यमक कुठे आहे?"

"मांडव हसला," सर म्हणाले. "माझे मित्र तर कितीतरी वर्षं तो किस्सा सांगायचे. मीही सांगायचो. वर्गात यमक शिकवताना सांगायचो, बाई. दरवर्षी. मुलांना फार आवडायचा."

"आणि काकू?"

"तिनं पुन्हा कधी नाव घेतलं नाही. मंगळागौर नाही, संक्रांत नाही, मुलीच्या लग्नातसुद्धा नाही. बायका आग्रह करायच्या, ही नुसती हसायची. मला वाटायचं, उखाण्याची आवड नाही तिला. चांगलंच आहे." दूध उतू जायला आलं होतं, ते त्यांनी खाली उतरवलं. "अलंकार दोन प्रकारचे. शब्दालंकार आणि अर्थालंकार. उभ्या आयुष्यात हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल! आणि माझ्याच मांडवात मी नुसता शब्द ऐकला. अहो, ती मुलगी मला काहीतरी सांगत होती. नव्या घरी जाताना नवऱ्याला सांगत होती, की मला गाण्याची आवड आहे. मी यमक तपासलं."

मी ओट्यावरचे कप त्यांच्यापुढे सरकवले.

"ती रेडिओ लावायची. मी क्लासवरून आलो, की बंद करायची. मला वाटायचं, मी दमलेला असतो म्हणून."

त्यांनी चहा गाळला. केतकीचं म्हणणं मी सांगितलं, रोजच्या शब्दांचं. ते म्हणाले, तेही घेतो, संध्याकाळी. "पण पाणी ती खुणेनं मागते. दुखलं तर मला चेहऱ्यावर दिसतं. ते शब्द नाही आले तरी आमचं चालेल. हे एक वाक्य मात्र तिच्या तोंडून यायला हवं. एकदा. जसं तेव्हा आलं तसंच, चुकलेलं. म्हणजे मला 'बरोबर' म्हणता येईल. नुसती माफी मागून नाही भागत, बाई. मागितली मी दवाखान्यात. तिनं डोळे मिटून घेतले. ती ओळ अजून तिथेच मोडून पडली आहे."

केतकीला मी फोन करून सांगितलं, की बाबा शिकवतायत ते शिकवू दे. ती चिडली. म्हणाली, ताई, तुम्हीपण? मी म्हटलं, हो, मीपण. आणि रविवारी उशी कानावर घेणं सोडलं. खोटं कशाला सांगू, झोप काही लागायची नाही. पण मी पडल्यापडल्या ठोके मोजायला लागले. 'वाहतो मंद' पर्यंत गाडी बरी जायची. नावापाशी थांबायची. पौष उजाडला तरी तिथेच.

संक्रांतीला पहिल्या मजल्यावरच्या प्राजक्ता वानखेडेनं हळदीकुंकू ठेवलं. प्राजक्ता अमरावतीची, नवीन लग्न झालेली, माझ्यासारखीच हिंजवडीच्या बसमधली. पहिलंच हळदीकुंकू, त्यामुळे उत्साह दांडगा. व्हॉट्सॲपवर निरोप आला: 'उखाणा कम्पल्सरी, नो एक्स्क्यूज.'

मी वीस मिनिटं आधी ऑफिसातून निघाले आणि दीड तास उशिरा पोचले. खोलीत सतरंजीवर बारा-पंधरा बायका, अत्तराचा वास, साड्यांची सळसळ. काकू कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या, नेसवलेली हिरवी साडी जरा वरखाली झालेली. ती कुणी नेसवली ते विचारायची गरज नव्हती. आणि सर? बाहेर, चपलांच्या ढिगापाशी, जिन्याच्या कठड्याला धरून उभे. "बायकांचा कार्यक्रम आहे, मी इथेच बरा," असं मला म्हणाले.

उखाणे सुरू झाले. एकीनं नवऱ्याला साखर म्हटलं, दुसरीनं सागर. मी बसमध्ये मोबाइलवरून पाठ केलेला एक म्हणून टाकला, त्यात यमक होतं आणि बाकी काही नव्हतं. मी दाराकडे पाहिलं. एरवी या माणसानं एकेका ओळीचं शवविच्छेदन केलं असतं. आज बाहेरून अक्षर नाही. सरांचं लक्ष नुसतं कोपऱ्यातल्या खुर्चीकडे होतं.

फिरत फिरत पाळी काकूंपाशी आली. एकदम कुजबुज थांबली. प्राजक्ता बिचारी गोंधळली. "काकूंना राहू द्या ना, त्यांना त्रास नको. नेक्स्ट कोण?"

काकूंनी मान हलवली. नाही. आणि वाणाची वाटी मांडीवर घेऊन तिच्या काठावर बोटानं ठोके द्यायला सुरुवात केली. टक-टाक, टक-टाक-टाक. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना काय माहीत!

"मुळा-मुठेच्या... काठावर," काकू म्हणाल्या. आवाज खरबरीत, पण शब्द स्वच्छ. "वारा... वाहतो..."

थांबल्या. एक क्षण, दोन क्षण. "छान वाहतो?" कुणीतरी म्हणालं. "गार वाहतो!" दुसरीनं मदत केली. सगळ्या चांगल्या मनानं करत होत्या, आणि काकूंचे डोळे मिटायला लागले होते.

"थांबा," दारातून आवाज आला. "यती आहे."

"काय आहे?" प्राजक्तानं मला विचारलं.

"गप्प बस," मी म्हटलं.

"मंद," काकू म्हणाल्या. बोट वाटीवर चालू होतं. मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आजवर रोज जिथे गाडी अडायची, तिथून ती एका दमात निघाली. "मनोहररावांचं नाव घेते."

बाहेर कठड्याचा लोखंडी गज खणकन वाजला. अजून अर्धी ओळ होती.

"मला गाण्याची..."

"छंद!" प्राजक्ता हळूच म्हणाली. "काकू, छंद म्हणा, छंद!"

काकूंनी मान हलवली. नाही. घाम आला होता कपाळावर, कुंकू ओघळलं होतं थोडं.

"...आवड."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. प्राजक्तानं तर जाऊन गळ्यात हात टाकला. "किती क्यूट काकू! फक्त यमक नाही जुळलं, चालते जी!"

काकूंनी तिला बाजूला सारलं आणि पुन्हा दाराकडे पाहिलं. चेहऱ्यावर असं काही होतं, की मला एकदम ती एकोणीस वर्षांची मुलगी दिसली, मांडवात उभी.

"य... मक?" त्यांनी विचारलं.

सर चपला घालूनच आत आले. भर बायकांतून, सतरंजीवरून, तिळगुळाच्या ताटाला पाय लावत, सरळ खुर्चीपर्यंत. "जुळलं," ते म्हणाले. "जुळलं गं. तेव्हाच जुळलं होतं. मलाच..."

आणि अडले. तोंड उघडं, पुढे शब्द नाही. उभ्या जन्मात ज्यांचं बोलणं कुणाला थांबवता आलं नाही, ते गोखलेसर बारा-पंधरा बायकांच्या मधोमध उभे होते आणि त्यांना एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. व्याजोक्ती कशाला करू, धूर नव्हता, कचरा नव्हता, मी रडत होते.

"सर, बसा ना, पाणी आणू?" प्राजक्ता घाबरून म्हणाली. मीही उठले. मला ठाऊक होतं त्यांना काय म्हणायचंय, मी ते वाक्य पुरं करणार होते.

काकूंनी हात वर केला. अगदी सरांसारखा.

"थांबा," त्या म्हणाल्या. "यती."

मग आम्ही सगळ्या थांबलो, हातात तिळगूळ तसाच धरून.